दायमाबाद : ग्रामनामाची व्युत्पत्ती आणि वसाहतीचा इतिहास

प्रस्तावना

ग्रामनाम हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी ही साधने बहुधा राजसत्तेशी किंवा धर्मसंस्थेशी निगडित असतात. गावाचे नाव मात्र सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यात पिढ्यान्पिढ्या टिकून राहते आणि म्हणूनच लोकजीवनाचा इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकाला ते जवळचे वाटते. तथापि हे साधन जितके सुलभ तितकेच फसवे आहे. नावावरून गावाचे वय ठरविणे, नावाला पुराणातील एखाद्या ऋषीशी जोडणे किंवा नावाच्या भाषेवरून तेथील मूळ रहिवाशांविषयी निष्कर्ष काढणे, असे प्रकार स्थानिक इतिहासलेखनात वारंवार आढळतात. गावाचे वय आणि गावाच्या नावाचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा साधा भेद अशा लेखनात दुर्लक्षिला जातो.

हा भेद स्पष्ट करण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद या गावाइतके समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर असलेले हे स्थळ पुरातत्त्वीय साहित्यात ओसाड गाव म्हणून नोंदलेले आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीचे अवशेष येथे मिळाले आणि त्यामुळे या लहानशा गावाचे नाव भारतीय पुरातत्त्वाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात पोहोचले. गाव ओसाड, नावाचा अर्थ मात्र 'सदैव वसलेले', हा विरोधाभास लक्षवेधी आहे. तो केवळ योगायोग म्हणून सोडून न देता त्यामागील इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) प्रवरा खोऱ्यातील ग्रामनामांच्या विविध स्तरांचा परिचय करून देणे.
२) दायमाबाद येथील प्राचीन वसाहतीच्या कालक्रमाचा आढावा घेणे.
३) 'दायमाबाद' या नावाची व्युत्पत्ती तपासून त्या नावाची कालमर्यादा निश्चित करणे.
४) ग्रामनामांच्या अभ्यासाची शिस्त व पांढरीच्या जतनाची निकड अधोरेखित करणे.

१. प्रवरा खोरे आणि ग्रामनामांचे स्तर

सह्याद्रीतील रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर व नेवासे या तालुक्यांच्या भूमीला स्पर्श करीत प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. या नदीच्या काठाने मानवी वस्ती फार प्राचीन काळापासून आहे. त्यामुळे येथील ग्रामनामे ही एकाच काळातील नाहीत. नदीच्या गाळाप्रमाणे तीही थरांनी साचलेली आहेत.

पहिला ठळक स्तर संस्कृत-प्राकृत परंपरेतील नावांचा आहे. 'संगमनेर' या नावातील 'नेर' हे 'नगर' या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप मानले जाते. नगर, नयर, नेर असा हा प्रवास असून पारनेर, अमळनेर, पिंपळनेर या नावांतही तोच उत्तरपद दिसतो. संगमनेर येथे प्रवरा व म्हाळुंगी या नद्यांचा संगम असल्याने पूर्वपदाचा अर्थही उघड आहे. यादव घराण्यातील दुसरा भिल्लम याचा शके ९२२ मधील, म्हणजे इ.स. १००० चा ताम्रपट संगमनेर येथे मिळालेला असून या भागातील वस्तीचे महत्त्व त्यावरून सिद्ध होते. 'नेवासे' या नावाचे 'निधिवास' हे संस्कृत रूप परंपरेने दिले जाते. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी येथेच सांगितली गेली, ही वारकरी संप्रदायाची श्रद्धा सर्वश्रुत आहे.

दुसरा स्तर वृक्ष, वनस्पती व धान्ये यांवरून पडलेल्या नावांचा आहे. पिंपळगाव, वडगाव, चिंचोली, बाभूळगाव ही नावे जिल्ह्यात अनेक ठिकाणी आढळतात. राळेगण या नावाचा संबंध राळा या भरडधान्याशी जोडला जातो. या नावांचा काळ ठरविणे कठीण असते, कारण असे नाव कोणत्याही शतकात पडू शकते. एकाच नावाची अनेक गावे झाल्यावर त्यांना वेगळे ओळखण्यासाठी दुसरे पद जोडले जाते. या जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर, टाकळीभान, टाकळीमिया आणि टाकळी काझी ही नावे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. 'टाकळी' हे पद समान असले तरी ढोकेश्वर हे पद देवस्थानाची, तर काझी हे पद एका न्यायविषयक अधिकारपदाची आठवण देते. म्हणजे एकाच नावाची दोन पदे दोन भिन्न काळांतील व दोन भिन्न सामाजिक संदर्भांतील असू शकतात.

तिसरा स्तर फारसी प्रशासनाचा आहे. देवगिरीवर १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीची स्वारी झाली. पुढे १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीस आपली राजधानी हलविली व तिचे दौलताबाद असे नामकरण झाले. १३४७ मध्ये बहमनी राज्याची आणि १४९० मध्ये मलिक अहमद याने निजामशाहीची स्थापना केली. त्याने भिंगारजवळ वसविलेल्या शहराचे नाव 'अहमदनगर' असे पडले, ज्यात पूर्वपद अरबी व उत्तरपद संस्कृत आहे. या तीन शतकांत कसबा, मौजे, मजरा, पेठ यांसारखे शब्द महसुली व्यवहारात रूढ झाले. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' ही आज पूर्णपणे मराठी वाटणारी पदेही मूळची फारसी होत. 'बुजुर्ग' म्हणजे थोरले व 'खुर्द' म्हणजे धाकटे. प्रवरेच्या काठावरील बेलापूर बुद्रुक व बेलापूर खुर्द ही जोडी त्याचे उदाहरण आहे.

चौथा स्तर आधुनिक काळाचा आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यानंतर बेलापूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे स्थानकाभोवती जी बाजारपेठ वाढली, तिचे पुढे श्रीरामपूर हे शहर झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास सहकारी साखर कारखान्याच्या निमित्ताने 'प्रवरानगर' हे नाव रूढ झाले. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. नामकरण ही प्रक्रिया कोणत्याही काळी थांबलेली नाही, हे यावरून दिसून येते. दायमाबाद हे नाव या चार स्तरांपैकी तिसऱ्या स्तरातील आहे, तर तेथील वसाहत या चारही स्तरांच्या पूर्वीची आहे.

२. दायमाबादची पांढर : उत्खनन व कालक्रम

मराठी ग्रामव्यवस्थेत गावाच्या जमिनीचे 'काळी' व 'पांढरी' असे दोन भाग मानले जातात. काळी म्हणजे पिकाऊ शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्पिढ्या घरांच्या मातीच्या भिंती पडून, चुलीची राख व दैनंदिन कचरा साचून वस्तीच्या जागेची माती फिकट राखाडी होते, म्हणून ती पांढरी. पुरातत्त्वज्ञ ज्यास प्राचीन वसाहतीचे टेकाड म्हणतात, त्यास शेतकरी शतकानुशतके 'पांढर' या नावाने ओळखत आला आहे. प्राचीन वस्तीची जागा ओळखण्याचे ज्ञान लोकभाषेत आधीपासून होते, ही गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे.

दायमाबादच्या पांढरीचे पुरातत्त्वीय महत्त्व १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी प्रथम ओळखले. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागामार्फत तेथे तीन टप्प्यांत उत्खनन झाले. पहिले उत्खनन १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांच्या, दुसरे १९७४ मध्ये एस. आर. राव यांच्या आणि तिसरे १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात एस. ए. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली करण्यात आले. साळी यांचा सविस्तर अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्खननांतून एकावर एक असे पाच सांस्कृतिक कालखंड उघडकीस आले.

पहिला कालखंड सावळदा संस्कृतीचा आहे. तापी खोऱ्यातील सावळदा या गावावरून हे नाव दिले गेले. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील या लोकांची घरे मातीच्या भिंतींची होती. गहू, सातू, मसूर, वाटाणा यांसारखी धान्ये ते पिकवीत. दुसरा कालखंड उत्तर हडप्पा संस्कृतीचा असून या काळात वसाहतीचा विस्तार सुमारे २० हेक्टर झाला होता. या थरात हडप्पा लिपीतील चिन्हे असलेल्या गुंडीच्या आकाराच्या दोन मुद्रा आणि चिन्हांकित खापरे मिळाली. हडप्पा संस्कृतीचा प्रभाव दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचला होता, हे या पुराव्यामुळे मान्य करावे लागले.

तिसऱ्या कालखंडास 'दायमाबाद संस्कृती' हेच नाव देण्यात आले असून तिचा काळ साधारणपणे इ.स.पू. १८०० ते १६०० मानला जातो. फिकट पिवळसर पृष्ठभागावर काळ्या रंगातील नक्षी हे तिच्या मृद्भांड्यांचे वैशिष्ट्य होय. चौथा कालखंड माळवा संस्कृतीचा (इ.स.पू. १६०० ते १४००) आणि पाचवा जोर्वे संस्कृतीचा (इ.स.पू. १४०० ते १०००) आहे. जोर्वे काळात वसाहत सुमारे ३० हेक्टरपर्यंत वाढली. मातीच्या तटबंदीचे व बुरुजांचे अवशेष याच काळातील आहेत. कुंभार, मणी बनविणारे व इतर कारागीर यांची घरे ओळखता आली. त्या काळाच्या मानाने ही वसाहत मोठी होती.

येथे पुरातत्त्वातील नामकरणाची पद्धत लक्षात घेणे आवश्यक आहे. एखाद्या संस्कृतीचे अवशेष जेथे प्रथम अथवा वैशिष्ट्यपूर्ण स्वरूपात आढळतात, त्या स्थळाचे नाव त्या संस्कृतीस दिले जाते. 'जोर्वे' हे संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठचे गाव होय. तेथील १९५०-५१ च्या उत्खननाचा अहवाल ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे महाराष्ट्रभर आढळलेल्या एका संपूर्ण संस्कृतीस त्या गावाचे नाव मिळाले. दायमाबाद व जोर्वे अशी दोन सांस्कृतिक नावे एकाच नदीच्या काठावरील दोन लहान गावांनी पुरविली आहेत. परंतु ही नावे आधुनिक संशोधकांनी दिलेली आहेत. त्या प्राचीन लोकांनी स्वतःस किंवा आपल्या गावास 'दायमाबाद' म्हटले असण्याची शक्यता नाही. त्यांच्या गावाचे मूळ नाव आज उपलब्ध नाही. तेथे मिळालेल्या मुद्रांवरील लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही.

३. कांस्यशिल्पे आणि स्तराचा प्रश्न

१९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्यास दायमाबाद येथे खोदकाम करताना चार शिल्पे मिळाली. यांतील रथ ४५ सें.मी. लांब व १६ सें.मी. रुंद असून त्यास दोन बैल जुंपलेले आहेत आणि रथात उभा असलेला पुरुष १६ सें.मी. उंच आहे. म्हशीचे शिल्प ३१ सें.मी. व हत्तीचे शिल्प २५ सें.मी. उंच आहे. गेंड्याचे शिल्प १९ सें.मी. उंच व २५ सें.मी. लांब आहे. चार शिल्पांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. भारतीय धातुशिल्पाच्या इतिहासात त्यांना अनन्यसाधारण स्थान आहे.

या शिल्पांच्या काळाविषयी मात्र मतभेद झाले. राव, साळी व म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणाच्या आधारे शंका उपस्थित केली. या शिल्पांत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. वादाचे मूळ कारण असे की, ही शिल्पे पद्धतशीर उत्खननात विशिष्ट थरातून मिळालेली नव्हती. वस्तू तिच्या थरापासून सुटी झाली की तिचा काळ अप्रत्यक्ष पुराव्यांवरून ठरवावा लागतो.

ग्रामनामाच्या अभ्यासातही नेमकी हीच अडचण असते. नाव हे पांढरीच्या पृष्ठभागावर सापडलेल्या सुट्या वस्तूसारखे आहे. ते ज्या जागेवर आढळते, त्या जागेच्या तळाशी असलेल्या थराचेच ते आहे असे गृहीत धरता येत नाही. नावाचा काळ त्याच्या भाषिक घडणीवरून आणि लिखित नोंदींवरून स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.

४. 'दायमाबाद' या नावाची व्युत्पत्ती

'दायमाबाद' या नावाची फोड 'दायम' व 'आबाद' अशी होते. 'आबाद' हा फारसी शब्द असून वसलेले, लागवडीखालील, भरभराटीचे असे त्याचे अर्थ आहेत. दौलताबाद, हैदराबाद, औरंगाबाद या नावांत तो उत्तरपद म्हणून येतो. मराठीतही 'आबादी' व 'आबादीआबाद' हे शब्द समृद्धीच्या अर्थाने रूढ आहेत. 'दाइम' हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ नित्य, निरंतर, कायमचा असा आहे. फारसीच्या द्वारे तो दख्खनच्या दफ्तरी भाषेत आला.

'दाइम'चे 'दायम' होणे हे मराठीच्या ध्वनिप्रवृत्तीस धरून आहे. अरबी 'काइम' या शब्दाचे मराठीत 'कायम' झाले, त्याच नियमाने 'दाइम'चे 'दायम' झाले. आकारानंतर येणाऱ्या इकाराच्या जागी यकार येणे ही दोन्ही शब्दांतील समान प्रक्रिया होय. पुढे 'दायम' आणि 'आबाद' ही पदे जोडली जाऊन 'दायमाबाद' हे रूप सिद्ध झाले. यासाठी कोणताही अपवादात्मक ध्वनिबदल गृहीत धरावा लागत नाही, हे या व्युत्पत्तीचे बलस्थान आहे.

अर्थाच्या दृष्टीने दोन पर्याय संभवतात. पहिला पर्याय असा की, हे शुभेच्छावाचक नाव असावे. 'दायम आबाद' म्हणजे 'सदैव वसलेले राहो' असा त्याचा आशय होतो. दौलताबाद हे नावही अशाच मांगल्यसूचक प्रकारातील आहे. दुसरा पर्याय असा की, 'दाइम' हे एखाद्या व्यक्तीच्या नावाचा अंश असावे. ईश्वराच्या नित्यत्वावरून घडलेली अशी व्यक्तिनामे मुस्लिम समाजात आढळतात आणि संस्थापकाच्या, जहागीरदाराच्या किंवा इनामदाराच्या नावाला 'आबाद' जोडण्याची प्रथाही सर्वत्र होती. औरंगाबाद हे तिचे ठळक उदाहरण आहे. दोन्ही पर्यायांत नावाची भाषा, घडण आणि काळ यांत फरक पडत नाही. फारसी ही राज्यकारभाराची भाषा म्हणून दख्खनमध्ये रुजण्यापूर्वी, म्हणजे चौदाव्या शतकापूर्वी, हे नाव पडलेले असू शकत नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व कालगणनेत आहे. जोर्वे संस्कृतीची वसाहत इ.स.पू. १००० च्या सुमारास संपुष्टात आली. तेव्हापासून या नावाच्या संभाव्य आरंभकाळापर्यंत सुमारे तेवीसशे वर्षांचे अंतर आहे. एवढ्या प्रदीर्घ अंतराच्या दोन टोकांना असलेली वसाहत आणि नाव यांत जागा सोडून दुसरे काहीही समान नाही. 'चार हजार वर्षांपूर्वीचे दायमाबाद' हा शब्दप्रयोग सोयीचा असला, तरी तो वापरताना अध्यापकाने विद्यार्थ्यांना हा भेद समजावून देणे अगत्याचे आहे.

५. 'आबाद' आणि 'बेचिराख' : नावामागील सामाजिक वास्तव

'आबाद' या शब्दाचा प्रतिपक्ष म्हणून महसुली भाषेत 'बेचिराग' हा शब्द होता. 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात रात्री एकही दिवा लागत नाही, ते बेचिराग गाव. मराठीत या शब्दाचे 'बेचिराख' झाले. शेवटच्या अक्षरामुळे त्यात 'राख' हा शब्द असल्याचा भास होऊ लागला आणि 'जळून राख झालेले, उद्ध्वस्त' असा अर्थ त्यास चिकटला. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाच्या साच्यात बसविण्याची ही प्रवृत्ती लोकव्युत्पत्ती म्हणून ओळखली जाते. पारनेर या नावाचा पराशर ऋषींशी जोडला जाणारा संबंध पाहताना हीच प्रवृत्ती ध्यानात ठेवावी लागते.

दख्खनमध्ये गावे बेचिराख होणे ही विरळ घटना नव्हती. दुष्काळ, लष्कराची वाटचाल, रोगराई आणि जाचक वसुली यांमुळे रयत गाव सोडून जात असे. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळात गुजरात व दख्खन या प्रदेशांतील असंख्य गावे ओस पडली. त्यापाठोपाठ १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. ओस पडलेल्या गावांची पुन्हा लावणी करणे हे प्रत्येक राज्यकर्त्यापुढील प्रमुख काम असे, कारण वस्तीशिवाय लागवड नाही व लागवडीशिवाय सारा नाही. यासाठी रयतेला 'कौल' देण्यात येई. पडीत जमिनीवर पहिल्या वर्षी अल्प सारा आकारून तो टप्प्याटप्प्याने वाढविण्याच्या पद्धतीस 'इस्तावा' म्हणत.

या पार्श्वभूमीवर 'दायमाबाद' हे नाव वाचले असता त्याचा सामाजिक आशय स्पष्ट होतो. ज्या प्रदेशात गाव उठणे आणि पुन्हा बसणे ही नित्याची बाब होती, तेथे 'सदैव वसलेले' हे नाव वस्तुस्थितीचे वर्णन असू शकत नाही. ती नव्याने गाव बसविणाऱ्यांची अपेक्षा होती. प्राचीन पांढर अशा पुनर्वसनास सोयीची असे. नदीचे पाणी जवळ, पुरापासून सुरक्षित उंची आणि भोवती सुपीक काळी जमीन ही अनुकूलता ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांना जशी दिसली, तशीच ती मध्ययुगीन रयतेलाही दिसली असणार.

प्राचीन वसाहतीच्या अखेरीचाही विचार येथे करणे उचित ठरेल. इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभी जोर्वे संस्कृतीची उत्तर महाराष्ट्रातील अनेक गावे उठली. हवामान अधिकाधिक शुष्क होत गेल्याने शेती ढासळली, असे स्पष्टीकरण ढवळीकर यांनी दिले आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननाने अशा बदलत्या परिस्थितीतील ग्रामजीवनाचे तपशीलवार चित्र उपलब्ध करून दिले. तीस हेक्टरांची तटबंदीयुक्त वसाहत असो वा कौल घेऊन बसविलेले मध्ययुगीन गाव असो, दख्खनमध्ये गावाचे स्थैर्य पावसावर अवलंबून राहिले. दायमाबादच्या दोन्ही कालखंडांना जोडणारा धागा नावात सापडत नाही, तो या पर्जन्याधीनतेत सापडतो.

६. दायमाबाद की दैमाबाद : लेखनाचा प्रश्न

मराठी ग्रंथांत हे नाव 'दायमाबाद' व 'दैमाबाद' अशा दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. उत्खननाचे अहवाल इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. रोमन लिपीतील लेखनावरून नाव पुन्हा देवनागरीत आणताना 'दै' असे रूप पुढे आले असावे. वरकरणी हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु 'दैमाबाद' असे लिहिल्याने 'दायम' हा शब्द दृष्टिआड होतो व नावाचा अर्थच नाहीसा होतो. अशा अर्थशून्य रूपाला पुढे 'देव' किंवा 'दैव' या शब्दांशी जोडणारी लोकव्युत्पत्ती निर्माण होण्यास वेळ लागत नाही. ग्रामनामाचे लेखन स्थानिक उच्चार व मूळ घटकपदे यांना धरून व्हावे, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

७. तुलनात्मक दृष्टी

इंग्लंडमध्ये ग्रामनामांच्या अभ्यासाला एक निश्चित शिस्त लाभली आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीने परगण्यानुसार ग्रामनामांचे सर्वेक्षण हाती घेतले. प्रत्येक नावाची जुन्यात जुनी लिखित रूपे कालानुक्रमे मांडावयाची व त्यानंतरच व्युत्पत्तीचा विचार करावयाचा, हा त्या सर्वेक्षणाचा दंडक आहे. १०८६ च्या डूम्सडे बुक या महसुली नोंदवहीमुळे हजारो खेड्यांची नऊशे वर्षांपूर्वीची रूपे तेथे उपलब्ध झाली.

यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी हे ओसाड खेडे दायमाबादशी तुलना करण्याजोगे आहे. सुमारे १५०० च्या आसपास हे गाव उठले व तेथील शेतजमीन मेंढ्यांच्या कुरणात गेली. मॉरिस बेरेस्फर्ड व जॉन हर्स्ट यांनी १९५० पासून चार दशके तेथे संशोधन केले. या नावातील 'पर्सी' हे पद तेथील जमीनदार घराण्याचे आहे. म्हणजे गावाचे नाव आणि त्यास जोडलेले मालकवाचक पद यांचे काळ भिन्न आहेत. टाकळी काझी या नावातही हीच रचना दिसते. नावाची प्रत्येक पदरचना स्वतंत्रपणे तपासावी लागते, हा नियम दोन्ही देशांना सारखाच लागू पडतो.

महाराष्ट्रात अशा सर्वेक्षणासाठी साधनांची वाण नाही. यादवकालीन ताम्रपट व शिलालेख, महानुभाव वाङ्मय, मोडी दफ्तरे, इनाम सनदा, १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला अहमदनगर जिल्ह्याचा गॅझेटियर आणि महसूल खात्याची गाववार कागदपत्रे यांतून ग्रामनामांची क्रमवार रूपे संकलित करता येतील. महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व भूगोल या विभागांनी संयुक्तपणे तालुकावार काम हाती घेतल्यास विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष साधनांचा परिचय होईल.

८. पांढरीचे जतन

दायमाबादच्या प्राचीन वसाहतीविषयी जे ज्ञान प्राप्त झाले, ते सर्व पांढरीच्या मातीतून मिळाले. ही माती राखयुक्त व कसदार असल्याने शेतात खत म्हणून वापरण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. पांढर खणून गाड्या भरून माती नेल्याने अनेक ठिकाणची टेकाडे झिजली. यंत्रांच्या साहाय्याने जमीन सपाट करणे सुलभ झाल्यावर हा धोका अधिकच वाढला. कालव्याच्या पाण्यामुळे प्रवरा खोऱ्यात उसाची शेती विस्तारली आणि जमिनीचे मोल वाढले. शेतकऱ्याच्या दृष्टीने पांढरीची माती हे खत आहे, तर इतिहासाच्या दृष्टीने ते दफ्तर आहे. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्याच्या गावाच्या पांढरीचे महत्त्व त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे शिक्षणसंस्थांचे काम आहे. दायमाबादची शिल्पे एका शेतकऱ्याच्याच हातून प्रकाशात आली, हे विसरता येणार नाही.

नाव व पांढर या दोहोंचे जतन होणे आवश्यक आहे. पांढर नष्ट झाल्यास केवळ नावावरून प्राचीन वसाहतीचा पत्ता लागणार नाही. त्याचप्रमाणे नावाची जुनी रूपे नोंदविली न गेल्यास गाव कोणी, कोणत्या भाषेत व कोणत्या अपेक्षेने वसविले, हा मध्ययुगीन इतिहास मातीतून उलगडणार नाही.

निष्कर्ष

१) दायमाबाद येथील वसाहत इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन इ.स.पू. १००० च्या सुमारास संपुष्टात आली. तिचे मूळ नाव आज उपलब्ध नाही.

२) 'दायमाबाद' हे नाव 'दाइम' व 'आबाद' या अरबी-फारसी पदांपासून बनले असून ते चौदाव्या शतकापूर्वीचे असू शकत नाही. वसाहतीचा अंत व नावाचा आरंभ यांत सुमारे तेवीसशे वर्षांचे अंतर आहे.

३) हे नाव शुभेच्छावाचक असो वा व्यक्तिवाचक, गावे वारंवार बेचिराख होणाऱ्या प्रदेशात स्थिर वस्तीची आकांक्षा 'आबाद' या पदातून व्यक्त झाली आहे.

४) नावाची भाषा ही नाव देणाऱ्यांच्या काळाचा पुरावा आहे. त्यावरून जागेची प्राचीनता किंवा आद्य रहिवाशांची ओळख सिद्ध करणे शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य नाही.

५) मराठी लेखनात 'दायमाबाद' हेच रूप स्वीकारणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने योग्य ठरते.

६) ग्रामनामांचे तालुकावार संकलन आणि पांढरीच्या टेकाडांची नोंद ही कामे महाविद्यालयीन पातळीवर एकत्रितपणे हाती घेतली जावीत.